अडीच फुटांवरची माशी

छर्रा सहात गेला.

सहात! मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, शेडमध्ये कुणी नाही हे बघून स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली आणि दोरी ओढून टार्गेटचा कागद जवळ आणला. दहा मीटरवरचं काळं वर्तुळ लिंबाएवढं, त्याच्या मधलं दहाचं रिंगण शर्टाच्या बटणाएवढं. माझा छर्रा लिंबाच्याही बाहेर, पांढऱ्यात जाऊन बसला होता. बाजूला आठ, सात, परत आठ. एवढे वाईट तर माझ्याकडची आठवीतली पोरंही मारत नव्हती.

"सर, रविवारचं लक्षात आहे नव्हं?"

दारात लड्ढा उभे होते. आमच्या नेमबाजी मंडळाचे सेक्रेटरी. माणूस सज्जन, पण सकाळी साडेसहाला सज्जन माणूससुद्धा मला चालत नाही. मी कागद घडी करून खिशात घातला.

"लक्षात नसायला काय झालं?"

"तसं नाही हो. गेल्या वर्षी तुमचे पाचशे बत्तीस झाले. ताप होता म्हणून आपण सोडून दिलं. यंदा कमिटीत कुजबुज सुरू झालीय. कोल्हापूरचा एक पोरगा आहे, कोच म्हणून यायला तयार आहे म्हणतात."

"कुजबुज करणाऱ्यांना म्हणावं, इथं येऊन उभं राहा आणि चार छर्रे मारून दाखवा."

"नियम आहे, सर. कोचनं वर्षातून एकदा साठ छर्रे मारायचे. सहाशेपैकी पाचशे चाळीस पाहिजेत. मी काय करू सांगा."

"तुम्ही काही करू नका. नाही झाले तर किल्ल्या टेबलावर ठेवीन. मागायलासुद्धा लागणार नाहीत तुम्हाला."

बोलून गेलो. ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, मी तेव्हा चौपन्न वर्षांचा होतो. इचलकरंजीतल्या एका हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवायचो, पण कुणी कामाचं विचारलं की मी शेडचंच सांगायचो. जुनी मागाची शेड होती ती. माग भंगारात गेले, मालकानं जागा मंडळाला दिली, आणि अठरा वर्षं रोज पहाटे साडेपाचला तिचं कुलूप मीच काढत होतो. तेवीस पोरंपोरी यायची. त्यातली तिघं त्या वर्षी राज्य स्पर्धेच्या तयारीत होती. त्यांना सोडून घरी पेपर वाचत बसायचं ही कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

आणि दुखणं काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपासून ठाऊक होतं. हात चांगला होता, श्वास चांगला होता, डोळ्यांनी दगा दिला होता.

पिस्तुलाच्या टोकाला एक बारकी उभी पट्टी असते, तिला आम्ही माशी म्हणतो. मागं आपल्याजवळ एक खाच असते. हात लांब करायचा, खाचेच्या बरोबर मध्ये माशी आणायची आणि नजर माशीवर ठेवायची. टार्गेटवर नाही, माशीवर! टार्गेट धुरकट दिसलं तर बिघडत नाही. माशी धुरकट झाली की मात्र खेळ खलास, कारण ती खाचेत सुतभर कलली तरी तिकडं छर्रा दोन रिंगणं चुकतो. माझ्या माशीला तीन वर्षांपासून कापूस चिकटला होता. कडाच दिसायच्या नाहीत.

चष्मा केला नव्हता असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो होतो की. पण तिथं जाऊन मी काय सांगितलं? "पेपर वाचायला त्रास होतो, आणि गाडी चालवताना जरा लांबचं." पिस्तुलाचा प ही काढला नाही. नेमबाज माणूस डॉक्टरसमोर बसून मला माशी दिसत नाही म्हणणार? त्यापेक्षा मला लिहिता-वाचता येत नाही म्हणून सांगितलं असतं. त्यांनी बिचाऱ्यांनी मी सांगितलं त्याप्रमाणं चष्मा दिला, वरच्या अर्ध्यात लांबचं, खालच्या अर्ध्यात वाचायचं. वरच्या भागातून टार्गेट असं लख्ख दिसायचं की कागदावरचे आकडे वाचावेत, आणि माशी गायब. खालच्या भागातून माशी बघायची तर उंटासारखी मान वर करावी लागायची, आणि एवढं करून तीही धड दिसायची नाही. मी दोन्ही करून बघत होतो आणि दोन्हीकडून मरत होतो.

त्या संध्याकाळी जेवताना पद्मानं, माझ्या बायकोनं, विषय काढला. आमचं जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. लग्न झाल्यापासून ती मला चिडवत आलीय की अहिंसेच्या घरात तेवढा एक पिस्तूलवाला नवरा माझ्या वाट्याला आला. मी आपलं एकच उत्तर देतो, कागदाला मारतो, मुंगीला नाही. पण त्या दिवशी ती चिडवत नव्हती.

"मघाशी स्वयंपाकघरात एक डोळा झाकून अंगठ्याकडं काय बघत होता?"

"काही नाही."

"काही नाही कसं? चुलीवर दूध उतू गेलं तरी तुम्ही अंगठाच बघताय. अहो, दिसत नाही ना?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"अण्णांकडं जा," ती म्हणाली.

"पद्मा, तो विषय नको."

"का नको? त्यांच्याइतकं ह्यातलं कळतं कुणाला? आणि रविवार काय थांबणाराय तुमच्यासाठी?"

"नको म्हणतो ना!" माझा आवाज असा चढला की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. "किल्ल्या गेल्या तर जाऊ देत. त्या माणसाच्या दारात मी जाणार नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ह्याच तोंडानं," ती शांतपणे म्हणाली. "दुसरं कुठलं आहे तुमच्याकडं? बुधवारपर्यंत वाट बघते. तुम्ही नाही गेला तर मी जाते आणि त्यांना घेऊन येते. मग बसा लाजत."

अण्णा म्हणजे तमण्णा बुगड. मला पिस्तूल धरायला शिकवलं ते त्यांनी. कापड गिरणीत जॉबर होते, माग दुरुस्त करणारे, आणि मंडळाचे पहिले कोच. मी बावीस वर्षांचा असताना त्यांच्या हाताखाली आलो. पण अठरा वर्षं मी त्यांच्या गल्लीतून गेलो नव्हतो. बाजारात दिसले तर रस्ता बदलायचो. का, ते येतंच आहे, मला तरी ते सांगायची कुठं हौस आहे.

मंगळवारी मी तीस छर्रे मारले आणि हिशेबच केला नाही. बुधवारी संध्याकाळी स्कूटर काढली.

अण्णा ओट्यावर बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे. अंगात बंडी, केस पार पांढरे, पण खांदे तसेच सरळ. मी समोर जाऊन उभा राहिलो. मनात चार वाक्यं जुळवून गेलो होतो.

"ये," ते म्हणाले, जसा मी कालच येऊन गेलो होतो. "चप्पल आत काढ, कुत्रं नेतंय."

आत बसलो. सूनबाईंनी पाणी आणलं. मी ते एका घोटात संपवलं.

"अण्णा, रविवारी..."

"टेस्ट आहे. माहीत आहे. दरवर्षी ह्याच रविवारी असते. माशी कशी दिसते?"

मी बघतच राहिलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तू अठरा वर्षांनी माझ्या घरी चहा प्यायला आलास असं समजू काय? बोल लवकर. पसरते, का दोन दिसतात?"

"पसरते. कडा राहत नाहीत."

"पहिल्या दहात बरी आणि वीस छर्ऱ्यांनंतर जास्त?"

"होय."

"आणि टार्गेट?"

"ह्या चष्म्यातून टार्गेट लख्ख दिसतं."

"झालं वाटोळं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "टार्गेट लख्ख दिसलं की नजर तिकडंच पळणार. सुंदर बाई दिसल्यासारखी. तू पोरांना शिकवतोस, पण तुझा डोळा तुझं ऐकतोय होय? डॉक्टरला सांगितलंस काय, पिस्तुलासाठी पाहिजे म्हणून?"

मी मान खाली घातली. "पेपर वाचायला म्हणालो."

अण्णा एवढे हसले की त्यांना खोकला आला. "मी मोटारसायकल चालवायला म्हणालो होतो. माझ्याकडं मोटारसायकल नव्हती!"

मग मीही हसलो. त्या घरात, त्यांच्यासमोर, मी हसू शकेन असं मला वाटलं नव्हतं.

ते उठले आणि फळीवरून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. मागाचा जुना धोटा होता, सागवानी, विणताना बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत इकडून तिकडं नेतो तो. तो तासून, घासून त्यांनी त्याला पिस्तुलाची मूठ बसवली होती. टोकाला पत्र्याची माशी, मागं पत्र्याची खाच. वजनाला आत शिसं ओतलेलं. मी हातात धरला आणि चाट पडलो. हुबेहूब तोल होता.

"खरं पिस्तूल घेऊन बाजारात गेलास तर पोलीस येतील," अण्णा म्हणाले. "हे घेऊन गेलास तर फक्त लोक हसतील. चल, मुजावर दुकान बंद करेल."

शौकत मुजावरांचं चष्म्याचं दुकान गुजरी पेठेच्या तोंडाला होतं. अण्णांच्याच वयाचे, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आम्हाला दारात बघून त्यांनी आधी अण्णांकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या धोट्याकडं, आणि काही न विचारता खालच्या कपाटातून काचांची पेटी काढली.

"उभा राहा," अण्णांनी मला फर्मावलं. "स्पर्धेत राहतोस तसा. पाय घे. तो समोरच्या दुकानातला कॅलेंडरवरचा लाल रविवार दिसतोय? ते टार्गेट."

मी भर बाजारात, डावा हात खिशात घालून, उजव्या हातात धोटा धरून, रस्त्यापलीकडच्या भांड्यांच्या दुकानावर नेम धरून उभा राहिलो. भांडीवाला पातेली टाकून आत पळाला. "काय नाही हो, डोळे तपासतोय!" मुजावर इथूनच ओरडले. रस्त्यावर दहा-बारा माणसं जमली. त्यात माझ्या शाळेतले दोन विद्यार्थी. घ्या!

अण्णांनी खिशातून सुताचा धागा काढला. एक टोक माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याला धरलं, दुसरं माशीला लावलं आणि ताणलेला धागा मुजावरांच्या पट्टीवर ठेवला.

"अडीच फूट," मुजावर म्हणाले. "तुमच्यापेक्षा बोटभर कमी, अण्णा."

"हात आखूड आहे त्याचा. बघ जिन्नाप्पा," अण्णा मला म्हणाले. त्या नावानं हाक मारणारं दुसरं माणूस माझ्या आयुष्यात तेव्हा उरलं नव्हतं. "वाचायचा चष्मा असतो सव्वा फुटासाठी. लांबचा असतो रस्त्यासाठी. आपली माशी राहते अडीच फुटावर, तिच्यासाठी कुणी चष्मा करतच नाही, कारण तिथं कुणाला काय बघायचंच नसतं. आपल्याला असतं. आणि वय झालं की डोळा तेवढ्यावर ठरत नाही. ठरला तरी साठ छर्रे होईपर्यंत दमतोच. मुजावर, लांबचा नंबर अधिक पाव घाल."

काचा अडकवायची जड चौकट माझ्या नाकावर आली. डाव्या डोळ्यापुढं कागदाचा तुकडा. उजव्यापुढं मुजावरांनी एक काच सरकवली.

"फरक?"

"थोडासा."

"अर्धा."

माशीचा कापूस कमी झाला.

"पाऊण."

आणि माशी आली. कशी सांगू? तीन वर्षांनी आली. काळी, चौकोनी, वरची कड ब्लेडनं कापल्यासारखी. दोन्ही बाजूंना खाचेतला उजेड सारखा, दोन बारीक पांढऱ्या रेघा. मागं कॅलेंडरचा रविवार लाल डाग होऊन गेला होता, पण गोल, जागच्या जागी. माझा हात खाली येईना. मी तसाच उभा राहिलो, आणि चौकटीच्या खालून डोळ्यांतलं पाणी ओठांपर्यंत आलं ते मला खारट लागल्यावर कळलं.

"एक घालून बघू?" मुजावरांनी विचारलं.

"नको," अण्णा म्हणाले. "एक घातला की टार्गेट विरघळतं. पाऊणच. जिन्नाप्पा, हात खाली घेऊ नकोस अजून."

त्यांनी शाईच्या पेनानं काचेवर एक ठिपका दिला. नेम धरताना मान वळते, डोळा काचेच्या मधून न बघता नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. काचेचा मधला भाग तिथंच यायला पाहिजे, नाहीतर बरोबर नंबरही चुकीचा होतो. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुठं कळलं, अण्णा?"

उत्तर मुजावरांनी दिलं. काच पुसत, आपल्याच नादात. "कुठं कळणार साहेब? ह्याच दुकानात. दोन वर्षं दर रविवारी यायचे. तो धोटा घेऊन ह्याच जागी उभे राहायचे. माझ्याकडून तेरा काचा घासून घेतल्या ह्यांनी. मी म्हणायचो, अण्णा, आता मंडळ सोडलंत, कशाला जिवाला त्रास? कुणी गाढवानं म्हणे नियम काढला होता आणि ह्यांना..."

"मुजावर," अण्णा म्हणाले, "शाई वाळायच्या आत माप घे."

मुजावर माप घ्यायला लागले. मी धोटा काउंटरवर ठेवला.

तो गाढव मी. पाचशे चाळीसचा नियम मीच केला होता. तेव्हा मी छत्तीसचा होतो, राज्य स्पर्धेत पाचशे बहात्तर मारून आलो होतो आणि डोक्यात हवा शिरली होती. अण्णा छप्पन्नचे. त्यांचे गुण घसरत होते. "डोळ्याचं काहीतरी होतंय, जरा बघतो," एवढंच ते म्हणायचे. वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, ज्याला स्वतःला नेम धरता येत नाही त्यानं दुसऱ्यांना काय शिकवायचं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. नियम झाला. महिन्याभरानं टेस्ट झाली, अण्णांचे पाचशे एकतीस झाले. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला, आणि गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला शेड मी उघडली. एवढंच ते. अठरा वर्षं मी ह्याच्यावर दुसरं काहीतरी रचून सांगत होतो, मंडळाच्या भल्यासाठी वगैरे.

दुकानातून बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "अण्णा, मला तुमच्याशी..."

"आधी पाचशे चाळीस मार," ते म्हणाले. "बोलणं कुठं पळून जात नाही. मला घरी सोड."

चष्मा गुरुवारी संध्याकाळी हातात आला. शुक्रवारी, शनिवारी मी मोजके छर्रे मारले. हाताला नवीन नजरेची सवय व्हायला दोन दिवस पुरत नाहीत. दहा छर्ऱ्यांत नव्वद व्हायचे, मग सत्त्याऐंशी. पण चुकलेला छर्रा का चुकला ते आता मला दिसत होतं, आणि ते तीन वर्षांत प्रथमच.

रविवारी सगळी कमिटी खुर्च्या मांडून बसली होती. पोरंही आली होती, भिंतीला टेकून उभी होती. पद्मा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आली होती. तिनं अण्णांना रिक्षात घालून आणलं होतं. ते आत आले तेव्हा जुनी माणसं आपोआप उभी राहिली. अण्णा मागच्या खुर्चीवर बसले आणि हात मांडीवर ठेवून डोळे मिटून घेतले.

दहा-दहाचे सहा भाग असतात. पहिल्यात एकोणनव्वद. दुसऱ्यात नव्वद. तिसऱ्यात एक्क्याण्णव. चौथ्यात मी घाई केली, एक सातात गेला, अठ्ठ्याऐंशी. पाचव्यात ब्याण्णव. लड्ढा मोठ्यानं आकडे सांगत होते, तसा नियम होता. पन्नास छर्ऱ्यांत चारशे पन्नास. शेवटच्या दहात नव्वद पाहिजेत, एकही कमी नाही.

मी पिस्तूल ठेवलं. घाम पुसला. चष्म्याच्या काचेला वाफ आली होती, ती रुमालानं टिपली. मागं वळून बघायचं नसतं, पण बघितलं. अण्णांचे डोळे मिटलेलेच. त्यांनी फक्त उजव्या हाताचं बोट हळूच मांडीवर मागं ओढलं, असं की कुणाला कळू नये. घोडा सावकाश ओढ, घाई नको.

दहा. नऊ. नऊ. मग परत नऊ. पाचवा दहा. मी मोजणं सोडलं. माशी, खाच, दोन पांढऱ्या रेघा. श्वास अर्धा सोडायचा आणि बोटाला विसरायचं. शेवटच्या छर्ऱ्याच्या आधी हात दोनदा उचलून खाली ठेवला, मनासारखं झालं नाही म्हणून. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला हात खाली ठेवायची लाज वाटली नाही.

"चौऱ्याण्णव," लड्ढा म्हणाले. मग त्यांचा आवाज फुटला, त्या सज्जन माणसाचा. "पाचशे चव्वेचाळीस!"

पोरांनी काय दंगा केला म्हणता! तो ओसरल्यावर मी चष्मा काढला आणि कमिटीसमोर उभा राहिलो. सांगितलं. सगळं सांगितलं, नियम कुणी केला, का केला, तेव्हा मी काय बोललो होतो आणि हा चष्मा कुणाचा आहे. म्हणालो, "आजचे चव्वेचाळीस माझे नाहीत. आणि हा नियम आज, आत्ता काढून टाका."

"काढू नका," मागून अण्णा म्हणाले. "नियम चांगला आहे. कोचला मारता आलंच पाहिजे. फक्त त्यात एक ओळ वाढवा. टेस्टच्या महिनाभर आधी कोचला चष्म्याच्या दुकानात न्यायचं. तो नको म्हणाला तर ओढत न्यायचं."

हशा पिकला. लड्ढांनी ती ओळ तिथंच वहीत लिहिली. "ओढत" हा शब्द तेवढा त्यांनी गाळला.

अण्णांना मी स्कूटरवरून घरी न्यायला निघालो. ऊन चढलं होतं. वाटेत एका शेडमध्ये माग खडखडत होते, त्यामुळं मला ओरडून विचारावं लागलं.

"अण्णा, तुम्हाला तर नंबर सापडला होता. परत का आला नाही? पाचशे चाळीस तुम्ही सहज मारले असते."

"पाचशे बावन्न मारले होते," ते माझ्या कानाजवळ म्हणाले. "घराच्या मागं. गाडी बाजूला घे, पडशील."

मी गाडी एका कडुलिंबाखाली घेतली. ते उतरले नाहीत, मागंच बसून राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"पहिली दोन वर्षं मी रागानंच काचा घासून घेतल्या. परत यायचं आणि तुझ्या तोंडावर कागद फेकायचा, एवढंच डोक्यात. बावन्न झाले त्या दिवशी कागद घेऊन आलोसुद्धा. शेडच्या दारात उभा राहिलो. तू एका डावखुऱ्या पोरीला शिकवत होतास. अर्धा तास तिचं एकच बोट तू नीट बसवत होतास. तू, असला तापट माणूस, एकदाही ओरडला नाहीस. मला ते कधी जमलं नाही. मी तुम्हाला सगळ्यांना शिव्या घालून शिकवलं." ते म्हणाले. "म्हटलं, आता आत जाऊन ह्याला हाकलू काय? परत गेलो."

मागांचा आवाज चालूच होता. मी मान थोडी मागं वळवली.

"आणि चष्मा?"

"चष्म्याचं सगळं मुजावरकडं लिहून ठेवलं, तुझ्यासाठी. तुझेही डोळे कधीतरी म्हातारे होणारच होते की. नियम तर तूच करून ठेवलेला." अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "फक्त एकच धास्ती होती, तू यायच्या आधी मीच जातो की काय."

मी स्कूटर स्टँडला लावली, उतरलो आणि भर रस्त्यात त्यांचे पाय धरले. येणारे-जाणारे बघत होते. अण्णा म्हणाले, "बास आता, उठ." मी बराच वेळ उठलो नाही.